पोस्टमनने नाकारलेले नाव



ब्रिटनच्या टपाल संस्थेने जानेवारी २००१ मध्ये आपले नाव बदलत असल्याची घोषणा केली. 'पोस्ट ऑफिस' या नावाने शतकानुशतके ओळखली जाणारी ही संस्था यापुढे 'कन्सिग्निया' या नावाने ओळखली जाईल, असे सांगण्यात आले आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात हे नाव कायदेशीररीत्या अमलातही आले. हा शब्द कोणत्याही कोशात नव्हता. तो एका सल्लागार पेढीने मुद्दाम घडविलेला होता. 'कन्साइन' म्हणजे एखादी वस्तू विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली करणे आणि 'इन्सिग्निया' म्हणजे राजचिन्ह किंवा अधिकारचिन्ह. या दोन्ही अर्थांची छाया नव्या शब्दात उमटते, असे त्याचे समर्थन करण्यात आले. स्पॅनिश जाणणाऱ्या माणसाला मात्र त्यातून रेल्वे स्थानकावरची सामान ठेवण्याची खोली आठवली असणार, कारण त्या भाषेत 'कन्सिग्ना' या शब्दाचा अर्थ तोच आहे. पुढे वर्ष-सव्वा वर्षातच हे नाव मागे घेण्याची पाळी संस्थेवर आली. जून २००२ मध्ये तसा निर्णय जाहीर झाला आणि नोव्हेंबरमध्ये संस्थेने 'रॉयल मेल ग्रुप' हे नाव धारण केले.

एवढी हकीकत अनेकांना विनोद म्हणून ठाऊक आहे. फसलेल्या नामांतराचा नमुना म्हणून तिचा दाखला वरचेवर दिला जातो, आणि तात्पर्य असे सांगितले जाते की, नाव ठरविताना ग्राहकांची मनोधारणा नीट जोखावी. या सांगण्यात एक गोष्ट हटकून गळते. ज्यांनी ते नाव स्वीकारण्याचे साफ नाकारले, ते टपाल कामगार त्यात कोठेच दिसत नाहीत. 'कम्युनिकेशन वर्कर्स युनियन' या त्यांच्या संघटनेने त्या नावावर बहिष्कार घातला होता. पगारवाढीसाठी, कामाच्या तासांसाठी, बडतर्फीविरुद्ध कामगारांनी लढे द्यावेत, हे जगाच्या परिचयाचे आहे. परंतु व्यवस्थापनाने संस्थेला दिलेले नावच कामगारांनी टाकून द्यावे, ही घटना विरळा. तिचा अर्थ नीट लावणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम व्यवस्थापनाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. 'पोस्ट ऑफिस' हे एकच नाव अनेक गोष्टींना लागू होत होते. गल्लीच्या कोपऱ्यावर तिकिटे विकणारे आणि म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन देणारे दुकान म्हणजे पोस्ट ऑफिस. पत्रे गोळा करून घरोघर पोहोचविणारी अवाढव्य यंत्रणा हीही लोकांच्या तोंडी पोस्ट ऑफिसच. आणि या सर्वांची मालक असलेली सरकारी संस्था तीही पोस्ट ऑफिस. शिवाय संस्थेने १९९९ मध्ये 'जर्मन पार्सल' ही परदेशी कंपनी विकत घेऊन युरोपच्या बाजारात पाऊल टाकले होते. डच टपाल संस्था आधीच खासगी झाली होती आणि जर्मनीच्या टपाल संस्थेचे समभाग नोव्हेंबर २००० मध्ये बाजारात आले होते. या स्पर्धेत उतरायचे तर एका देशाच्या, एका कामाच्या चौकटीत न मावणारे नाव हवे, असा व्यवस्थापनाचा युक्तिवाद होता. लाल मोटारींवरचे 'रॉयल मेल', पार्सलांसाठी 'पार्सलफोर्स', दुकानांवरचे 'पोस्ट ऑफिस' ही नावे तशीच राहणार होती. बदलणार होते ते केवळ वरच्या मालक कंपनीचे नाव. पोस्टमनच्या अंगावरचा सदरा तोच, पिशवी तीच, फेरी तीच. मग कुरकुर कशासाठी?

या प्रश्नाला सर्वांत सोपे उत्तर पैशाचे दिले जाते, आणि ते त्या वेळीही भरपूर दिले गेले. नव्या नावावर सुमारे १५ लाख पौंड खर्च झाले. ही रक्कम ऐकून कोणाही श्रमिकाच्या कपाळाला आठ्या पडाव्यात हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच काळात संस्थेला होत असलेला तोटा दिवसाला सुमारे १५ लाख पौंड असल्याचे सांगितले जात होते. म्हणजे नावाची किंमत एका दिवसाच्या तोट्याएवढी! उधळपट्टीच्या आरोपाला सभेत टाळ्या पडतात, हे खरे. पण ज्या चळवळीने आपला सारा भर त्या आरोपावर ठेवला, तिच्यापाशी उद्या एखाद्या व्यवस्थापनाने फुकटात नाव घडवून आणले तर बोलायला काय उरते? ब्रिटिश टपाल कामगारांच्या नकाराचे मूळ अधिक खोल होते. त्यांनी त्या नावाकडे नाव म्हणून पाहिलेच नाही. मालकीहक्काचा एखादा दस्तऐवज वाचावा तसे त्यांनी ते वाचले.

असे वाचण्याची सवय त्यांना तीस वर्षांच्या अनुभवाने लावली होती. १९६९ पर्यंत ब्रिटनचे टपाल हे सरकारी खाते होते आणि पोस्टमन हा सरकारी नोकर होता. त्या वर्षी खात्याचे महामंडळ झाले. १९७१ च्या जानेवारीत सुमारे दोन लाख टपाल कामगार संपावर गेले. सात आठवड्यांनी, हाती फारसे काही न लागता, त्यांना कामावर परतावे लागले. १९८१ मध्ये दूरध्वनीचा विभाग तोडून वेगळी संस्था बनविण्यात आली, आणि तीन वर्षांत, १९८४ मध्ये, तिचे निम्म्याहून अधिक समभाग विकले गेले. १९८६ मध्ये पत्रे, पार्सले आणि टपाल कचेऱ्या असे तीन वेगळे व्यवसाय पाडले गेले. १९९० मध्ये टपाल कचेऱ्यांतून गरिबांना बँकेची सोय देणारी 'जायरोबँक' विकून टाकण्यात आली. त्याच वर्षी पार्सल विभागाला 'पार्सलफोर्स' हे नवे नाव मिळाले. मार्गारेट थॅचर यांनी जे जे विकता येईल ते विकले, परंतु राणीचे मस्तक छापलेले टपाल बाजारात मांडण्याचा धीर त्यांनाही झाला नाही. त्यांच्यामागून आलेल्या सरकारात मायकेल हेसेल्टाइन यांनी १९९४ मध्ये तो प्रयत्न केला. संघटनेची जोरदार मोहीम आणि स्वपक्षीय खासदारांचा विरोध यांपुढे तो फसला.

या मालिकेकडे पाहिले की कामगारांच्या ध्यानात एक क्रम आला असल्यास नवल नाही. आधी विभाग वेगळा होतो, मग त्याला वेगळे नाव मिळते, वेगळा ताळेबंद तयार होतो, आणि मग एके दिवशी गिऱ्हाईक दारात उभे राहते. घर विकायला काढणारा माणूस आधी भिंतींना रंग काढतो, तशातला हा प्रकार. सन २००० मध्ये मजूर पक्षाच्याच सरकारने टपाल सेवा कायदा केला. त्या कायद्याने महामंडळ संपुष्टात येऊन त्याची समभागांवर उभी असलेली कंपनी झाली. समभाग सर्वच्या सर्व सरकारच्या हाती राहिले, ही गोष्ट खरी. पण ज्या मालमत्तेचे समभाग पडले ती आज ना उद्या हस्तांतरित होऊ शकते, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्याच कायद्याने एक नियामक मंडळ नेमले आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांना परवाने देण्याचा अधिकार त्याला बहाल केला. 'कन्सिग्निया' हे या नव्या कंपनीचे नाव होते. त्या नावामागे 'पीएलसी' ही तीन अक्षरे जोडलेली होती, आणि कामगारांना आधी दिसली ती तीच. व्यवस्थापन म्हणत होते, केवळ नाव बदलले आहे. कामगार म्हणत होते, नाव सोडून सारे बदलले आहे, ते झाकण्यासाठी हे नाव आहे. दोघांपैकी कोणाचे निदान बरोबर ठरले ते पुढे येईलच.

येथे एक अडचणीचा मुद्दा उपस्थित होतो आणि समाजवाद्यांनी तो टाळू नये. कामगारांनी ज्या नावाची बाजू घेतली ते नाव कोणते? 'रॉयल' मेल! राजेशाहीचा शिक्का असलेले, आठव्या हेन्रीने १५१६ मध्ये नेमलेल्या टपालप्रमुखापर्यंत आपली वंशावळ नेणारे नाव. लाल पेट्यांवर राजा किंवा राणीची मुद्रा कोरलेली असते. अशा नावासाठी संघटित श्रमिकांनी हळवे व्हावे, यात मागासलेपण नाही काय? सरंजामी स्मृतींना कवटाळून बसलेला हा कामगारवर्ग आहे, असा टोमणा व्यवस्थापनाच्या बाजूने मारता येण्यासारखा होता.

या आक्षेपाचे उत्तर त्याच खात्याच्या इतिहासात सापडते. १९६४ ते १९६६ या काळात टोनी बेन हे ब्रिटनचे पोस्टमास्तर जनरल होते. टपाल तिकिटांवरून राणीचे मस्तक काढून टाकावे अशी त्यांची इच्छा होती. डेव्हिड जेंटलमन या चित्रकाराने तशी तिकिटेही चितारून दिली आणि बेन यांनी ती थेट राणीपुढे नेऊन ठेवली. राजवाड्याने आणि सरकारातील सावध मंडळींनी मिळून तो बेत हाणून पाडला. अखेर मस्तकाची लहानशी छायाकृती तिकिटाच्या कोपऱ्यात ठेवण्याची तडजोड झाली, ती पुढे रूढ झाली. त्याही आधी, १९५२ मध्ये, स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथे नव्या राणीची 'दुसरी एलिझाबेथ' अशी मुद्रा असलेली टपालपेटी बसविण्यात आली तेव्हा लोक खवळले. कारण पहिली एलिझाबेथ ही इंग्लंडची राणी होती, स्कॉटलंडची नव्हे. ती पेटी पुढच्या वर्षी स्फोटकांनी उडविण्यात आली, आणि स्कॉटलंडमधील नव्या पेट्यांवर त्या मुद्रेऐवजी केवळ स्कॉटिश मुकुट घालण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. तेव्हा चिन्ह बदलण्याला लोकांचा वा समाजवाद्यांचा तत्त्वतः विरोध असतो, असे कोणी समजू नये. बेन यांना मुकुटाच्या जागी प्रजा आणायची होती. 'कन्सिग्निया'ला मुकुटाच्या जागी भागधारक आणायचा होता. मुकुट दोन्हीकडे हटतो, म्हणून या दोन गोष्टी एक होत नाहीत.

आणि मुकुटाखाली प्रत्यक्षात होते काय? दुर्गम बेटावरच्या शेतकऱ्याला आणि लंडनच्या सावकाराला एकाच दराच्या तिकिटावर पत्र पोहोचविण्याची हमी. १८४० मध्ये रोलंड हिल यांच्या योजनेनुसार एक पेनीचे तिकीट निघाले तेव्हापासून देशभर एकच दर हे तत्त्व ब्रिटिश माणसाच्या अंगवळणी पडले. पोस्टमनच्या लेखी 'रॉयल' या विशेषणाचा अर्थ राजवाड्याशी फारसा निगडित नव्हता. 'सर्वांचे, म्हणून कोणा एकाच्या मालकीचे नव्हे' असा काहीसा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला होता. शब्द जुना राहतो आणि लोक त्यात आपला अर्थ भरत जातात. आपल्याकडे 'सरकारी दवाखाना' म्हणताना गरीब माणूस 'सरकार' या शब्दाची फार्शी व्युत्पत्ती शोधत बसत नाही.

नावासाठी माणसे किती सोसतात, हे महाराष्ट्राला तरी सांगण्याची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला आणि त्याची परिणती १९९४ च्या नामविस्तारात व्हायला सोळा वर्षे लागली. मधल्या काळात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. ते नाव खालून आलेले होते. ते मागणाऱ्यांच्या हाती ना सल्लागार होते, ना खर्चाची तरतूद. अशा नावाची आणि संचालक मंडळाच्या टेबलावर घडलेल्या नावाची जात एक नव्हे.

संचालक मंडळाच्या टेबलावर घडलेल्या प्रतिमेचे काय होते, याचे एक उदाहरण टपालाच्या आधी चार वर्षे ब्रिटनमध्येच घडले होते. ब्रिटिश एअरवेज ही १९८७ मध्ये खासगी झालेली विमान कंपनी. तिने जून १९९७ मध्ये सुमारे सहा कोटी पौंडांची योजना आखून विमानांच्या शेपटावरचा ब्रिटिश ध्वज काढला आणि तेथे जगभरच्या लोककलांची चित्रे रंगविली. कंपनी आता जगाची आहे, असा त्याचा संदेश होता. त्याच सुमारास खर्चकपातीची मोठी मोहीमही चालू होती, आणि रंगकामाचा सोहळा होऊन महिना उलटतो न उलटतो तोच विमानातील कर्मचारी वेतनरचनेच्या प्रश्नावर संपावर गेले. थॅचरबाईंनी त्या चित्रित शेपटाच्या प्रतिकृतीवर आपला हातरुमाल टाकून निषेध केला, तो फोटो सर्वत्र छापला गेला. संपावरच्या हवाई सेविकांना तेवढी जागा मिळाली नाही. थॅचरबाईंचे दुःख ध्वजासाठी होते. कर्मचाऱ्यांची तक्रार अशी होती की, शेपटाला रंग लावायला पैसा निघतो आणि पगाराच्या वेळी काटकसर आठवते. काही वर्षांत ती चित्रे पुसली जाऊन ध्वज परत आला.

टपालाकडे परत वळताना एक प्रश्न विचारणे भाग आहे. संस्थेचे नाव ठरविण्याआधी, जे ते नाव पाठीवर वाहणार होते त्यांना कोणी विचारले होते काय? हा प्रश्न स्वप्नाळू वाटेल. पण याच संस्थेत एके काळी तो स्वप्नाळू नव्हता. १९७८ मध्ये तेथे औद्योगिक लोकशाहीचा प्रयोग सुरू झाला होता आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी संचालक मंडळावर व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींइतक्याच संख्येने बसत होते. प्रयोगात दोष होते, वादही झाले. परंतु त्याचे गुणदोष पुरते पारखले जाण्याआधीच, १९७९ मध्ये सरकार बदलले आणि मुदत संपताच तो गुंडाळण्यात आला. २००१ मधील टपाल संस्थेत त्या प्रयोगाची आठवणही उरलेली नव्हती. नव्या नावाची शाई वाळण्याआधीच, मे २००१ मध्ये, लंडनजवळच्या वॉटफर्ड येथील पत्रवर्गीकरण केंद्रात संघटनेच्या औपचारिक आदेशाची वाट न पाहता कामगारांनी काम थांबविले आणि तो वणवा इतर शहरांत पसरला. संस्थेतील औद्योगिक संबंध इतके बिघडलेले होते की, लॉर्ड सॉयर यांच्याकडून त्यांची स्वतंत्र तपासणी करवून घ्यावी लागली. कामगार आणि व्यवस्थापक यांच्यात परस्परविश्वासच उरलेला नाही, हे त्या तपासणीतून कागदावर आले. विश्वासाने सोपविणे असा ज्या नावाचा अर्थ, त्या नावाच्या कंपनीत ही स्थिती!

त्याच काळात, त्याच संस्थेच्या टपाल कचेऱ्यांत याहून भयंकर काही घडत होते. १९९९ पासून तेथे 'होरायझन' नावाची संगणकीय हिशेबपद्धती बसविली जात होती. यंत्र हिशेबात तूट दाखवी आणि कचेरी चालविणारे सब-पोस्टमास्तर 'आम्ही पैशाला हात लावलेला नाही' असे कळवळून सांगत. ऐकले गेले ते यंत्राचे. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसे चोर ठरविली गेली. कित्येकांना तुरुंगवास झाला, कित्येकांची घरेदारे गेली. न्यायालयात त्यांची बाजू खरी ठरायला २०१९ उजाडावे लागले आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा २०२४ मध्ये झाला. नाव कसे ऐकू येते याचा कीस काढणाऱ्या संस्थेला आपल्याच खिडकीमागे बसलेल्या माणसाचे म्हणणे ऐकू आले नाही. कामगारांच्या साशंकतेला 'बदलाची भीती' म्हणून हिणविणाऱ्यांनी या प्रकरणाची कागदपत्रे अवश्य वाचावीत.

आता जून २००२ कडे येऊ. नवे अध्यक्ष ॲलन लेटन यांना हे नाव नकोसे झाले होते आणि ते त्यांनी लपविलेही नाही. 'कन्सिग्निया' जाणार, 'रॉयल मेल' येणार, असे जाहीर झाले. नाव पुन्हा बदलण्यासाठी सुमारे दहा लाख पौंड लागणार होते. वृत्तपत्रांना आनंद झाला, ग्राहकांना हायसे वाटले. परंतु त्याच दिवशी संस्थेने आपला वार्षिक तोटा जाहीर केला, तो सुमारे ११० कोटी पौंडांचा होता. आणि त्याबरोबर आणखी १७,००० जागा कमी करण्याची योजनाही मांडली. मार्च महिन्यात १५,००० जागांची कपात आधीच सांगून झाली होती. एका हाताने नाव परत दिले आणि दुसऱ्या हाताने भाकर काढून घेतली. नाव मागे घेतल्याची बातमी इतकी गोड होती की तिच्या पाकात कपातीची कडू गोळी सहज उतरली. व्यवस्थापनाने हा योग मुद्दाम जुळवून आणला की तो आपोआप जुळला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. परिणाम तोच झाला.

बहिष्कार यशस्वी झाला तेव्हाच त्याची मर्यादाही उघड झाली, असे म्हणावे लागते. नाव पडले, पण ज्या रचनेसाठी ते नाव घडविले होते ती तसूभरही हलली नाही. समभागांची कंपनी तशीच राहिली. नियामकाने १ जानेवारी २००६ पासून पत्रांचा बाजार प्रतिस्पर्ध्यांना पूर्णपणे मोकळा केला. टपाल कचेऱ्यांची कंपनी २०१२ मध्ये वेगळी काढली गेली. आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये 'रॉयल मेल' हे जुने, लाडके, कामगारांनी लढून परत आणलेले नाव कपाळी लावूनच संस्था भांडवल बाजारात उभी केली गेली. संघटनेने त्याआधी घेतलेल्या मतदानात ९६ टक्के कामगारांनी विक्रीच्या विरोधात कौल दिला होता. समभाग ३३० पेन्सला विकला गेला. पहिल्याच दिवशी त्याचा भाव ४५५ पेन्सवर गेला. म्हणजे सार्वजनिक मालमत्ता किती स्वस्तात काढली गेली ते विकणाऱ्यांना त्याच संध्याकाळी कळले असणार. कामगारांना दहा टक्के समभाग फुकट देण्यात आले, हेही नमूद केले पाहिजे. उरलेला सरकारी वाटा २०१५ पर्यंत संपला. खरे तर 'कन्सिग्निया' हे नाव राहिले असते तर त्या विक्रीत ते अडसरच ठरले असते. बाजाराला जुन्या नावावरचा लोकांचा विश्वास हवा होता. तो विश्वास पोस्टमनने पिढ्यान्‌पिढ्या पावसात भिजून कमावला होता आणि त्याची किंमत मात्र भागधारकाच्या पदरी पडली.

पुढची हकीकत थोडक्यात. २०२२ च्या ऑगस्टपासून सुमारे १,१५,००० टपाल कामगार पगार आणि कामाच्या अटी यांसाठी टप्प्याटप्प्याने संपावर गेले. तो संप चालू असतानाच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, मालक कंपनीने आपले नाव 'इंटरनॅशनल डिस्ट्रिब्यूशन्स सर्व्हिसेस' असे करून घेतले. एकवीस वर्षांपूर्वीचाच डाव, फक्त या वेळी शब्द कोशातले घेतलेले. लाल मोटारींवर 'रॉयल मेल' तसेच राहिले. या वेळी 'कन्सिग्निया'च्या वेळेसारखा गदारोळ झाला नाही. २०२५ मध्ये ही कंपनी चेक उद्योगपती डॅनियल क्रेटिन्स्की यांच्या समूहाने विकत घेतली.

ही सारी गोष्ट साता समुद्रापलीकडची म्हणून सोडून देता आली असती. परंतु २००१ या सालाला भारतीय टपालाच्या इतिहासातही एक स्थान आहे. खेडोपाड्यांतली शाखा डाकघरे ज्यांच्या जिवावर चालतात, त्या कर्मचाऱ्यांना तोवर 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट' म्हणत. खात्याच्या कामात राबणारे पण खात्याबाहेरचे. लोक नुसते 'ई. डी.' म्हणत, आज त्या दोन अक्षरांनी वेगळ्याच मंडळींना कापरे भरते, ती गोष्ट निराळी. २००१ मध्ये नवे नियम आले आणि या कर्मचाऱ्यांचे 'ग्रामीण डाक सेवक' असे नामकरण झाले. नाव कानाला गोड होते. 'बाहेरचे' हा अपमानकारक शब्द त्यातून गेला होता. मात्र नियमांच्या शीर्षकात आणखी एक शब्द बदलला होता, तिकडे थोड्यांचेच लक्ष गेले. १९६४ चे नियम 'वर्तन आणि सेवा' यांचे होते. २००१ चे नियम 'वर्तन आणि रोजगार' यांचे झाले. माणसाच्या नावात 'सेवक' आला आणि नियमाच्या नावातून 'सेवा' गेली! खात्यातील कायम नोकराचा दर्जा त्यांना तेव्हाही मिळाला नाही. त्यांना जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, भत्ता म्हणतात.

२००८ मध्ये भारतीय टपालाने नवे बोधचिन्ह स्वीकारले. लाल भूमीवर पंख पसरल्यासारख्या पिवळ्या रेषा, वेगाची आणि भरारीची खूण म्हणून. शहरांतल्या कचेऱ्या नव्या रंगांनी सजल्या, फलक बदलले, आणि त्यांतल्या पुष्कळशा खरोखरच पूर्वीपेक्षा स्वच्छ व उजळ झाल्या, हे मान्य केले पाहिजे. २०२५ मध्ये 'रजिस्टर पोस्ट' ही सेवाही 'स्पीड पोस्ट'मध्ये विलीन झाली आणि कोर्टाच्या नोटिशीपासून नोकरीच्या हुकमापर्यंत सारे ज्या नावाने येत असे ते नाव इतिहासजमा झाले.

ग्रामीण डाक सेवकांची संख्या देशात सुमारे अडीच लाख आहे. त्यांच्या मोबदल्याचा आणि अटींचा विचार करण्यासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपला अहवाल दिला. तो दीड वर्ष पडून राहिला. २२ मे २०१८ रोजी सेवक देशभर संपावर गेले, हजारो शाखा डाकघरांना कुलपे लागली, आणि ६ जूनला मंत्रिमंडळाने भत्त्याच्या सुधारित दरांना मान्यता दिली. कायम नोकरीचा दर्जा आणि खात्यातील इतरांसारखे निवृत्तिवेतन या मागण्या मात्र तेथेच थांबल्या. शाखा डाकघराचा ब्रँच पोस्टमास्तर ते डाकघर आजही स्वतः सोय केलेल्या जागेत चालवितो, पुष्कळदा आपल्या राहत्या घराच्या ओसरीवर. पंखांचे बोधचिन्ह असलेला फलक तिथेच भिंतीला टांगलेला असतो.